अक्षरांची खोली

बाबांनी कॅलमच्या शवपेटीला खांदा दिला.
समोरून वारा, डाव्या हाताला समुद्र,
पाळीपाळीनं, लुईस बेटावरची रीत आहे तशी.
तीन आठवड्यांनी फर्गस आमच्या शेडमध्ये आला,
तेव्हा मात्र शब्द दिला नाही.

चार घड्या घातलेला कागद होता त्याच्याकडे.
नाव, दोन तारखा, आणि त्याखाली:
फर्गस रेनीचा पती.
बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
"नाव कोरतो. तारखा कोरतो.
स्तोत्राची ओळ हवी तर तीही, पैसे नकोत.
हा एक शब्द माझ्याच्यानं होणार नाही."
"शब्द खरा आहे, तॉर्मोड."
"तुझ्या कागदावर असेल.
मला छिन्नी उचलण्याआधी वर बघावं लागतं."

फर्गस ओरडला नाही.
दगडाच्या भुकटीत त्याच्या बुटांचे ठसे
दाराबाहेर गेले.
मी ते दोन दिवस झाडले नाहीत.

कॅलम आमच्या चर्चमध्ये ओळ द्यायचा, हे सांगायला हवं.
वाद्य नाही, काही नाही. आधी एकट्याचा आवाज,
मग त्यामागून आम्ही सगळे,
कुणी पुढे कुणी मागे, किनाऱ्यावर पाणी चढतं तसे.
फर्गस त्याच्या घरी राहायला आला
त्या वर्षी ओळ दुसऱ्याकडे गेली.
बाबा म्हणायचे, तेव्हापासून आपण बेसूर आहोत.
म्हणायचे;
पण त्या बैठकीत हात त्यांनीही वर केला होता.

मग कायदा.
दुकान उघडलंत तर दार सगळ्यांना उघडं.
बाबांसाठी एडिनबरोहून एक वकील आला, फुकट.
आमच्या श्रद्धेबद्दल त्याला आमच्याहून जास्त माहिती.
त्यानं रविवारी फोन केला.
वाजत राहिला.
बाबा त्याच्याकडे बघत बसले,
देवाच्या दिवशी देवाचाच वकील!
त्या दिवसांत ते एकदाच हसले, ते तेव्हा.

तोडगा मी काढला. वाटलं, फार हुशार आहे मी.
आमच्या गेलिकमध्ये नवऱ्याला दुन्ये म्हणतात,
आणि साध्या माणसालाही दुन्येच.
बाबा माणूस कोरतील, फर्गस नवरा वाचेल,
दगडाला काय कळतंय.

फर्गस चहा ढवळत राहिला. साखर घातलीच नव्हती.
"इशबेल, बावीस वर्षं आम्ही
दोन अर्थांच्या शब्दांतच भाड्यानं राहिलो.
मित्र. पाहुणा. तो ग्लासगोचा.
आता त्याला एका अर्थाची जागा हवी,
सहा फूट का होईना."

घरी येऊन सांगितलं.
बाबा म्हणाले, "बरोबर बोलला.
फसवून कोरलेलं ना त्याचं, ना माझं."
त्या रात्री मला दोघांचाही राग आला.

निकाल फर्गसच्या बाजूनं लागला.
बाबांनी दंडाची रक्कम मोजून भरली,
घासाघीस नाही, अपील नाही.
शब्द मात्र तरीही कोरला नाही.
शेडवरची पाटी स्वतःच उतरवली;
भिंतीवर तेवढा चौकोन अजून पांढरा आहे.
फर्गसनं ते पैसे लाइफबोटवाल्यांना दिले.
दगड मुख्य भूमीवरून आला, बोटीतून,
भाज्यांच्या क्रेटशेजारी.

ऑक्टोबरमध्ये बाबा म्हणाले, गाडी काढ.
दफनभूमीत ते आईकडे गेले, मग तिकडे.
गुडघ्यावर बसले. हातमोजा काढला.
त्या एका शब्दावरून अंगठा फिरवला,
जसा मी लहानपणी चुकवलेल्या अक्षरांवरून फिरवायचे.
"यंत्रानं केलंय," म्हणाले. "उथळ आहे.
या खाऱ्या वाऱ्यात तीस वर्षं टिकणार नाही."

हे समाधान होतं की तक्रार,
आवाजावरून कळेना. वारा होता.

परत आलो तेव्हा
गाडीत दोन सीटच्या मधे
पाव इंची छिन्नी होती, फडक्यात गुंडाळलेली.
ती कुणी आणली,
हे ना त्यांनी विचारलं
ना मी.